तांदळाचा केक आणि इतर चुका

कोरियातली एक लोककथा मराठी बालपुस्तकांतून अधूनमधून भेटते. आई दिवसभर राबून डोंगरवाटेनं घरी निघालेली असते, डोक्यावर पाटी, आणि वाटेत वाघ आडवा येतो. ‘एक दे, म्हणजे तुला खात नाही,’ असं म्हणत म्हणत तो पाटी रिकामी करतो. पाटीत असतं काय? पुस्तकात छापलेलं असतं ‘तांदळाचे केक’. बेळगावजवळच्या खानापूरच्या पाचवीतल्या मुलीच्या डोळ्यांपुढे बेकरीच्या काचेआडचा केक येतो, वर गुलाबी फूल काढलेला. डोंगरातल्या गरीब बाईच्या पाटीत असले दहा-बारा केक आले कुठून, हा प्रश्न तिला पडतो. पडायलाच हवा. पण पुस्तकाकडे उत्तर नसतं.

पदार्थाचं नाव त्तोक. तांदळाचं पीठ वाफवून किंवा वाफवलेला तांदूळ कुटून केलेले गोळे, वड्या. जपानी मोचीही याच घरातली. चिकट जातीचा तांदूळ रात्रभर भिजवायचा, वाफवायचा आणि लाकडी उखळात मोठ्या मोगरीनं कुटायचा. एक जण घाव घालतो आणि दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात ओला हात घालून गोळा उलटवतो. आत कधी गोड सारण असतं. ते मूग-उडीद-चवळीच्याच कुळातल्या लाल कडधान्याचं, शिजवून, वाटून, साखर घालून आटवलेलं. म्हणजे पुरणच की. इंग्रजी पुस्तकात त्याला ‘बीन पेस्ट’ म्हणतात आणि मराठीत ते ‘शेंगांची पेस्ट’ होऊन येतं. ज्या गावात एका दारी पुरणपोळी आणि शेजारच्या कन्नड दारी तीच होळिगे म्हणून होते, तिथल्या मुलाला ‘शेंगांची पेस्ट’ वाचायला लावणं हा अन्यायच म्हणायचा.

चूक कुठे होते ते सरळ आहे. कोरियन किंवा जपानी मजकूर आधी इंग्रजीत जातो. इंग्रजीकडे उकड नाही, पुरण नाही, उखळ-मुसळही विसरलेलं. ती आपल्या कोठीतला जवळचा शब्द उचलते. मराठी अनुवादक त्या शब्दाचा शब्द देतो. मूळ वस्तू आणि मराठी वाचक दोघं एकमेकांच्या शेजारी बसलेले असतात आणि निरोप लंडनमार्गे जातो. आशियावरच्या मराठी बालपुस्तकांचे निम्मे दोष या एका वळशातून येतात. उपायही अवघड नाही. अनुवादकानं प्रत्येक पदार्थ, कपडा आणि भांडं यांची वेगळी यादी करायची, आणि ती वस्तू करतात कशी हे आधी पाहायचं, मग शब्द शोधायचा. वाफवलेलं आहे का, भाजलेलं आहे का, आंबवलेलं आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी ‘केक’ गळून पडतो. जवळचा शब्द नसेल तर मूळ शब्द ठेवावा आणि वाक्यातच त्याची ओळख करून द्यावी. ‘त्तोक, म्हणजे तांदळाच्या उकडीचे गोळे’, झालं. तळटीप नको. दहा वर्षांचं मूल तळटीप वाचत नाही, आणि मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्याला ती मध्येच कुठे घुसवावी ते कळत नाही.

सीमाभागातल्या मुलांसाठी पुस्तकं निवडताना ही गोष्ट जास्तच जाणवते, कारण इथलं मूल अशा जोड्या रोज लावत असतं. बेळगाव आणि बेळगावी, निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी. एका गावाला दोन नावं असू शकतात, दोन्ही खरी असू शकतात, आणि कुठलं नाव कोण घेतो यावरून मोठी माणसं हमरीतुमरीवर येऊ शकतात, हे त्याला सहावीच्या आतच कळलेलं असतं. त्यामुळे एदोचं १८६८ साली तोक्यो झालं, सायगावचं पुढे हो चि मिन्ह नगर झालं, कॉन्स्टँटिनोपल म्हणजेच इस्तंबूल, हे पुण्या-मुंबईच्या मुलाला पाठ करावं लागतं. इथलं मूल लगेच विचारतं, ‘मग तिथले लोक घरात काय म्हणतात?’ प्रश्न बिनचूक असतो. सायगाव हे नाव आजही तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. पुस्तक चांगलं की वाईट, हे या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडतं का यावरून बरंचसं कळतं.

नावांचा गोंधळ मात्र वेगळ्याच जागी होतो, आणि तिथे मराठीच्या हातात एक किल्ली आहे जी कोणी वापरत नाही. मराठीत ‘च’ दोन. ‘चहा’मधला तालव्य आणि ‘चमचा’मधला पहिला, दातांवर जीभ टेकवून म्हणायचा तो दंत्य. लिहायला एकच. जपानी ‘त्सु’मधला ध्वनी म्हणजे हाच दंत्य च. ‘त्सुनामी’ हा शब्द इंग्रजी बातम्यांतून ‘सुनामी’ होऊन आला, कारण इंग्रजीला शब्दाच्या सुरुवातीला हा उच्चार जड जातो. मराठी मुलाला ‘चुना’ म्हण आणि पुढे ‘मी’ लाव म्हटलं की ते जपान्याच्या अगदी जवळचं बोलतं. चिनी नावं रोमन लिपीत लिहिताना झेड हे अक्षर जिथे एकटं, पुढे एच नसताना, येतं तिथेही हाच ध्वनी. प्रसिद्ध चिनी प्रवासी भिक्षूचं नाव आपल्या जुन्या पुस्तकांत ‘ह्युएन त्संग’, काही ठिकाणी ‘युआन च्वांग’, आणि अलीकडे इंग्रजी स्पेलिंगवरून ‘झुआनझांग’ असं येतं. एकाच शाळेच्या कपाटात तीन नावं, आणि मुलाला वाटतं प्रवासी तीन. उच्चाराच्या जवळ जायचं तर ‘श्युएन त्सांग’, आणि यातला त्सांग म्हणजे ‘चांगला’मधला ‘चांग’. इतकं सोपं आहे. रोमन एक्स दिसला की क्ष किंवा झ लावण्याची सवय मोडायला हवी, तो श आहे. क्यू दिसला की क नव्हे, छ. शीआन शहराचं ‘झियान’ आणि छिन घराण्याचं ‘क्विन’ ज्या पुस्तकात झालंय त्याच्या अनुवादकानं मूळ नाव एकदाही ऐकलेलं नाही, असं खुशाल समजावं.

दुसरी खोड आडनावाची. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम इथे आडनाव आधी. सासाकी सादाको, यात सासाकी हे घराणं. इंग्रजी पुस्तकं बहुधा जपानी नाव उलटवतात आणि चिनी तसंच ठेवतात, मराठीत दोन्ही प्रकार एकाच पानावर उतरतात. नावांचं एक पान पुस्तकाच्या सुरुवातीला असावं, शेवटी नव्हे. त्यात नाव, फोड करून उच्चार, आणि आडनाव कुठलं एवढंच. छपाईच्या वेळी ‘श्यु’, ‘त्सु’ अशी जोडाक्षरं जुन्या फाँटमध्ये फुटतात आणि पाय मोडून वेगळी उभी राहतात. मुद्रितशोधनात इतर सगळं सोडून आधी हीच पाहावीत. या वयाला चौदा ते सोळा पॉइंटचा टाइप लागतो, आणि तेवढ्या मोठ्या टाइपात फुटलेलं जोडाक्षर मोडलेल्या दातासारखं दिसतं.

आता चित्रं. किमोनो घातलेल्या माणसाचं चित्र हातात आलं की गळ्यापाशी पाहायचं. घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर आलेली असली पाहिजे. उजवी वर असेल तर तो कपडा प्रेताला घालतात तसा घातलाय. चित्रकाराला हे ठाऊक असलं तरी घात पुढे होतो. पानाची मांडणी करणारा म्हणतो, मुलगी डावीकडे बघतेय, मजकूर उजवीकडे आहे, जरा पलटवू या. संगणकावर एक बटण दाबतो. मुलीचं तोंड मजकुराकडे वळतं आणि मुलगी मरते. लुगड्याचा पदर उजव्या खांद्यावर घेतलेली मराठी बाई कुठल्या चित्रात दिसली असती तर आपण प्रकाशकाला पत्र धाडलं असतं. जपानी चित्रकथांची पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात, उर्दू पुस्तकासारखी. ती पूर्वी इंग्रजीत आणताना अख्खी पानं आरशासारखी पलटवायचे, मग सगळा गाव डावखुरा व्हायचा. भातात उभ्या खोचलेल्या चॉपस्टिक हाही असाच सापळा. मृताला वाढलेल्या भातात त्या तशा खोचतात, आणि सुट्टीच्या दिवशीच्या आनंदी जेवणाच्या चित्रात मात्र हौसेनं काढलेल्या दिसतात.

नकाशाबद्दल थोडक्यात. दोन पानांवर पसरलेला आशिया दिसायला झकास, पण पुस्तकाच्या शिवणीत नेमका भारत नाहीतर तिबेट जातो. गोंदानं चिकटवलेल्या पुस्तकात तर मधला दीड-दोन सेंटीमीटर भाग कायमचा गडप. नकाशा एका पानावर उभा घ्यावा किंवा घडीचा जोडावा. परदेशी पुस्तकांतल्या भारताच्या सीमांवर कधी कधी शिक्का मारलेला असतो, कारण सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारी देशाची सीमा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे. शिक्का का मारलाय हे मुलांना सांगून टाकावं. रेघ कुठून जाते यावर भांडण असतं हे बेळगावच्या मुलाला नव्यानं शिकवावं लागत नाही.

सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत कर्नाटकाचा अभ्यासक्रम असतो, त्यामुळे इथल्या मुलाला कदंब-चालुक्य ओळखीचे. बदामीचा दुसरा पुलकेशी त्याला कन्नडच्या तासाला ‘इम्मडि पुलिकेशी’ म्हणून भेटतो आणि इतिहासाच्या तासाला मराठीतून. हा राजा आशियाच्या पुस्तकात शिरायचं उत्तम दार आहे. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवरच्या जैन मंदिरात रविकीर्तीनं रचलेला त्याचा प्रशस्तिलेख शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४ चा. त्यानंतर काही वर्षांनी, ६४१ च्या सुमारास, श्युएन त्सांग याच राजाच्या मुलखात येऊन गेला. त्यानं त्या देशाचं नाव ‘मो-हो-ल-छ’ असं लिहून ठेवलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं की कळतं, महाराष्ट्र. माणसं साधी, उंच, मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी कळवून घेतात, असं वर्णन. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात हेही त्यात आहे, आणि पोरांना तेवढंच लक्षात राहतं.

इथे शिक्षकाची परीक्षा असते. चालुक्य राजा, राजधानी आजच्या कर्नाटकात, चिनी पाहुण्याच्या वहीत महाराष्ट्राचा राजा. वर्गात एक गट ‘आमचा’ म्हणणार, दुसरा ‘आमचा’ म्हणणार. सातव्या शतकात आजच्या दोन राज्यांमधली हद्दच नव्हती, हे वाक्य फळ्यावर लिहून भागत नाही. मोजून दाखवावं लागतं.

मोजायची सोपी रीत अशी. वीस मीटर दोरी, एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. तीन वर्गांपुढची पडवी साधारण तेवढ्यात भरते. इसवी सनाचं पहिलं वर्ष या टोकाला. ७८ सेंटीमीटरवर शालिवाहन शक. १ मीटर ५ सेंटीमीटरवर चीनमध्ये त्साय लुननं सम्राटापुढे कागद ठेवला. ६.३४ वर ऐहोळेचा लेख, ६.४१ वर श्युएन त्सांग, मध्ये फक्त चार बोटं. १४.०५ वर चिनी दर्यावर्दी चंग ह आपली जहाजं घेऊन पहिल्यांदा निघाला, त्याची शेवटची सफर १४.३३ ला संपली. १६.७४ वर रायगडावरचा राज्याभिषेक, १८.२४ वर कित्तूरचं बंड, १९.४५ वर हिरोशिमा. आणि आपलं आजचं राज्य-नकाशाचं चित्र? १९.५६, दोरीच्या जवळजवळ शेंड्याला. पुलकेशीपासून तिथपर्यंत चालत जायला मुलाला वीस-बावीस पावलं पडतात. ही पावलंच कामाची.

बहुतेक जण सुतळी घेतात आणि घटनेला एकेक गाठ मारतात. सुतळीची एक गाठ तीन-चार सेंटीमीटर खाते. तीस गाठी मारल्या की मीटरभर दोरी गेली, म्हणजे अख्खं शतक गायब, आणि शेवटी हिरोशिमा १८४५ ला येऊन बसतं. शिवाय दोन खिळ्यांना ताणून बांधली की सुतळी वाढते, चार दिवसांनी मध्ये झोळ येतो. नायलॉनची दोरी घ्यावी, आधी ताणून मग मोजावी, मीटरच्या खुणा शाईनं कराव्यात आणि चिठ्ठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी लावाव्यात. चिमटा चुकला तर सरकवता येतो. तारीख चुकू शकते आणि दुरुस्त करता येते, हेही त्यात आलंच.

याच दोरीवर १३.४२ च्या आसपास इब्न बतूता लावावा. मोरोक्कोतल्या तांजियरचा हा माणूस १३२५ साली घरातून निघाला, आणि दिल्लीच्या सुलतानाचा दूत म्हणून चीनकडे निघाल्यावर पश्चिम किनाऱ्यानं खाली उतरताना होन्नावरला थांबला. आपल्या कारवार पट्ट्यातलं होन्नावर. तिथे मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहिल्या, असं दुसरीकडे कुठे दिसलं नाही, हे त्यानं नोंदवून ठेवलंय. सहावीतल्या मुलीच्या हातात द्यायला याहून सुंदर आकडा इतिहासात शोधून सापडणार नाही. मराठी बालपुस्तकांत मात्र इब्न बतूता आला तर दौलताबाद आणि तुघलकाचा लहरीपणा यांच्यासाठीच येतो.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवायला हवी. आशियावरच्या आपल्या पुस्तकांत एक सूर हटकून लागतो, की हे सगळं इथूनच गेलं. बुद्ध इथून गेला, रामायण इथून गेलं, पंचतंत्र इथून गेलं. गेलं हे खरंच. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात अरबीत उतरलं. अकराव्या शतकात दुर्गसिंहानं ते कन्नडमध्ये आणलं, वसुभाग नावाच्या लेखकाच्या पाठावरून, आणि जावा बेटावरच्या ‘तंत्री’ गोष्टींचं नातं याच शाखेशी लागतं. किती मजेची गोष्ट आहे ही, आणि कन्नड वाचता येणाऱ्या मराठी मुलाच्या किती जवळची. पण ‘गेलं’ म्हणून थांबलं की मूल फुगतं आणि पुस्तक मिटतं. जावामध्ये त्या गोष्टींचं पुढे काय झालं? थायलंडच्या रामकथेतला मारुती ब्रह्मचारी का राहिला नाही? चामड्याच्या बाहुल्या कर्नाटकात तोगलु गोंबेयाटात आहेत, सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकरांकडे आहेत आणि जावात वायांग कुलितमध्येही आहेत, मग तिघांत फरक काय? या प्रश्नांपाशी पुस्तक रंगायला लागतं.

उलट्या वाटेनं आलेलंही तितकंच दाखवावं, आणि त्यासाठी बेळगावच्या खडेबाजारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरतं. रिक्षा हा शब्द जपानी. जिन-रिकि-शा, माणूस-बळ-गाडी. पहिली दोन अक्षरं, ‘जिन’ म्हणजे माणूस, झिजली. पुढे इंजिन आलं आणि माणसाचं बळही गेलं. चहा चिनी, आणि ‘चहा’ हे नाव बहुतेक खुष्कीच्या मार्गानं पसरलं. ज्या देशांनी तो दक्षिण चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरून जहाजानं नेला ते त्याला टी, ते असं म्हणतात. कागद हा शब्द फारसीतून आलेला, वस्तू चीनची, आणि मधला टप्पा समरकंदचा. मराठीत कागद, कन्नडमध्येही कागद, फक्त तिथे त्याचा अर्थ पत्र असाही होतो. आणि मिरची. ब्याडगीची लालभडक मिरची आणि कोरियातलं लाल किमची यांच्यात पाचशे वर्षांपूर्वी काही नातं नव्हतं, कारण दोन्हीकडे मिरचीच नव्हती. ती अमेरिकेतून निघाली, पोर्तुगीजांच्या जहाजांतून आशियात पसरली. त्याआधी किमची पांढरं होतं आणि आपला रस्सा मिरीचा होता. मुलांना हे सांगितलं की ती आधी हसतात, मग घरी जाऊन आजीला सांगतात, आणि आजीचा विश्वास बसत नाही.

दुःखाच्या पुस्तकांबद्दल पालक विचारतात. दहा वर्षांच्या मुलाला हिरोशिमा वाचायला द्यावं का? द्यावं, पण जळालेल्या माणसांच्या छायाचित्रांपासून सुरुवात करू नये. सादाकोची गोष्ट त्या वयासाठी योग्य आहे, कारण सादाकोही त्याच वयाची. बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, रक्ताच्या कर्करोगानं गेली तेव्हा बारा. तारीख २५ ऑक्टोबर १९५५. कागदाचे हजार क्रौंच केले की इच्छा पुरी होते म्हणून ती इस्पितळात औषधाच्या पुड्यांचे कागदसुद्धा जपून घड्या घालत राहिली. इंग्रजीतून सर्वदूर गेलेल्या कादंबरीमुळे असं पसरलं की हजार व्हायच्या आतच ती गेली आणि उरलेले वर्गातल्या मैत्रिणींनी पुरे केले. हिरोशिमाचं शांती संग्रहालय सांगतं की ऑगस्टअखेरच तिचे हजार झाले होते, आणि ती पुढेही करतच राहिली. मराठीत येणाऱ्या बहुतेक रूपांत कादंबरीतला शेवट असतो. खरा शेवट जास्त कठीण आहे. हजार झाले आणि तरी काही झालं नाही, तरी ती घड्या घालत राहिली. तो मुलांना पेलणार नाही असं मोठ्यांना वाटतं. मुलं ते ऐकून गप्प होतात आणि मग विचारतात, पुढचे कशासाठी केले?

नंतर क्रौंच करायला घेतला की वर्गाचा बाजार होतो, तेव्हा काही गोष्टी आधी ठरवाव्यात. वर्तमानपत्राचा कागद चोचीच्या घडीला फाटतो, कॅलेंडरचा गुळगुळीत कागद घडीवर तडकतो. झेरॉक्सचा साधा कागद बरा. लांबट कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेला तिरका दुमडून वरची पट्टी कापली की एकवीस सेंटीमीटरचा चौकोन मिळतो, आणि नवशिक्या हातांना एवढा मोठाच लागतो. दोन्ही कर्ण एका बाजूनं दुमडायचे, उभी-आडवी मधली घडी उलट्या बाजूनं; मग चारही कोपरे एकत्र येऊन छोटा चौकोन बसतो. आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. या चौकोनाचा जो कोपरा उघडतो तो आपल्याकडे, खाली हवा. बंद कोपरा खाली ठेवून दोन्ही कडा मधल्या रेषेला आणल्या तर पुढे पाकळीसारखा वरचा पदर उचलताच येत नाही, आणि मूल ओढून ओढून कागद फाडतं. वर्गातले निम्मे क्रौंच इथेच मरतात. चौकोन दोन मिलिमीटर जरी वाकडा असला तरी तो वाकडेपणा सुरुवातीला दिसत नाही, शेवटी मान आणि शेपूट वेगवेगळ्या लांबीची होते तेव्हा कळतो. चाळीस मिनिटांच्या तासात गोष्ट आणि क्रौंच दोन्ही बसवू नयेत. एका आठवड्यात गोष्ट, पुढच्या आठवड्यात कागद.

तीसेक पुस्तकांची पेटी करायची असेल तर लोककथा दहाच्या वर जाऊ देऊ नयेत. लोककथा मिळतात भरपूर, स्वस्तही असतात, आणि पेटी त्यांनीच भरली की मुलाच्या डोक्यातला आशिया वाघ, राजे आणि ड्रॅगन यांचा होतो, जिथे कोणी शाळेत जात नाही आणि कोणाच्या घरी टीव्ही नाही. निदान दहा पुस्तकं आजच्या मुलांची हवीत. उरलेल्यांत प्रवासी, चरित्रं, लिप्या, नकाशे. आणि पश्चिम आशिया आठवणीनं घालावा. आशिया म्हटलं की आपण पूर्वेकडे बघतो. इराण, इराक, तुर्कस्तान, उझबेकिस्तान विसरतो. दप्तर, शाई, पेशवा हे शब्द ज्या भाषांनी दिले त्या भाषा बोलणारी मुलं आपल्या पुस्तकांत नसतात. पैसे कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याची पुस्तकं मराठीतही मिळतात आणि कन्नडमध्येही. एकच पुस्तक दोन्ही भाषांत छापून पेटीत शेजारी ठेवावं. बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासूनचा आहे, त्याचे जुने अंक चाळले की देशोदेशींच्या गोष्टी सापडतात. पुस्तकं गोंदाच्या बाइंडिंगची असतील तर पेटीत टाकण्याआधी कण्याला दोरा मारून घ्यावा. जांबोटी-खानापूरच्या पावसात नुसता गोंद श्रावणापर्यंत टिकत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर पावसाळ्यात काढून ठेवावं, आतल्या ओलीनं पुठ्ठ्याला बुरशी धरते.

तिबेटवरचं पुस्तक असेल तर त्यातली माणसं फक्त याक आणि बर्फ यांच्यात दिसतात का ते पाहावं. हुबळीच्या पुढे मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे, द्रेपुंग आणि गंदेन हे मठ तिथे पुन्हा उभे राहिलेत, शेतात मका असतो. तिथली मुलं तिबेटी लिपी शिकतात आणि बाजारात कन्नड बोलतात. एक भाषा घरची, एक बाजारची, आणि दोन्हींची लिपी वेगळी. ही अडचण बेळगावच्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. पुस्तकात मात्र हे मुंडगोड क्वचितच सापडतं.

नव्या वर्षाचं पुस्तक जानेवारीत काढावं आणि शेजारी कॅलेंडर ठेवावं. चिनी नवं वर्ष दर वर्षी तारीख बदलतं म्हणून पुस्तकं त्याला ‘विचित्र’ ठरवतात. पाडवा तरी कुठे एका तारखेला येतो? बहुतेक वर्षी ते पौषातली अवस सरली की, माघाच्या तोंडाला येतं. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, आपल्यासारखाच.

आणि पेटीतलं शेवटचं पुस्तक लिप्यांचं असेल तर ते फळ्यावरच वाचावं. जपानी मुळाक्षरांचा आधुनिक क्रम आ, इ, उ, ए, ओ असा सुरू होतो. पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. मुलांना आपली बाराखडी आणि कन्नडची वर्णमाला शेजारी लिहायला सांगावी. क, मग च, मग ट-त, मग प, मग य र ल व. च च्या जागी सा बसलाय आणि प च्या जागी हा, कारण हा चा जुना उच्चार प होता. संस्कृत मंत्रांची सिद्धम् लिपी शिकणाऱ्या जपानी भिक्षूंनी हा क्रम नेला. मग कुठली अक्षरं त्यांच्याकडे नाहीत ते शोधायला लावावं. ल सापडत नाही. ळ तर नाहीच, जो मराठीत आहे आणि कन्नडमध्येही. व्यंजनाला बहुतेक ठिकाणी स्वर चिकटलेलाच हवा, सुटं व्यंजन चालत नाही. मग जपानी मूल बेळगाव कसं म्हणेल, एवढा प्रश्न टाकून फळ्यापासून बाजूला व्हावं. बेरुगाऊ, असं काहीसं होतं. तासाची घंटा झाली तरी पडवीत बेरुगाऊ, बेरुगाऊ चालूच राहतं.